चर्चची चांदी, पितळी तोफा आणि आमच्या गावचे तंटे

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. उकाडा इतका की ओट्यावर बसलं तरी शर्ट पाठीला चिकटत होता. माझा गिरीजचा दोस्त आला होता. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो आणि आता दोघंही निवृत्त, त्यामुळे गप्पांना काळवेळ राहिलेला नाही. किल्ल्याच्या बाजूनं लाउडस्पीकर ऐकू येत होता. वसई विजयोत्सव. चिमाजी अप्पांच्या स्मारकाला हार, भाषणं, पोवाडे. पोवाडा ऐकला की माझ्या अंगावर अजून काटा येतो, हे घरच्या मंडळींना माहीत आहेच.

मी मांडीवर ताल धरला होता. दोस्त गप्प बसला होता. मग म्हणाला, "तुमचे जिंकले तेव्हा आमचे कुठे होते रे?"

रागानं नाही विचारलं. पण त्या 'तुमचे' आणि 'आमचे'नं मी गडबडलो. ह्याच्या घरात कादोडी बोलतात, ती ऐकत मी लहानाचा मोठा झालो. ह्याचे वाडवडील काही पोर्तुगालहून गलबतात बसून आले नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्याच्या आधीही ते ह्याच मातीत बागायत करत होते. मग १७३९ साली ते कुणाचे?

मला उत्तर सुचलं नाही. चहा गार झाला म्हणत आत गेलो आणि विषय बदलला. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून पुढे जमेल तसं वाचत राहिलो. ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर, ग्रँट डफ, गर्सन द कुन्यांचं चौल-वसईवरचं १८७६ सालचं पुस्तक, राजवाड्यांनी छापलेली ब्रह्मेंद्रस्वामींची पत्रं. मी इतिहासाचा माणूस नव्हे. पस्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी सोनेतारणाच्या काउंटरवर. त्यामुळे तलवार कुणी कशी चालवली ह्यापेक्षा पैसे कुणी दिले, दारू कुठून आली, माती कुणी वाहिली, इकडेच माझं लक्ष जात राहिलं. ते आज लिहितो आहे. पुण्याच्या आणि तिकडे न्यू जर्सीच्या भाचरांनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. :)

थोडी पार्श्वभूमी. गुजरातच्या सुलतान बहादूरशहानं डिसेंबर १५३४ मध्ये वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं वसई ही त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. दमणपासून चौलपर्यंतचा कारभार इथून चाले. गावंच्या गावं पोर्तुगीज जमीनदारांना आणि पाद्र्यांच्या संस्थांना तोडून दिलेली होती. जमीन कसणारा हिंदू असो नाहीतर ख्रिस्ती, तो त्या जमिनीला बांधलेला. हिंदूंना उघडपणे देवधर्म करायची चोरी होती, हे खरंच आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण बाप्तिस्मा घेतला म्हणून कुणाच्या डोक्यावरचं मातीचं घमेलं उतरलं नव्हतं, हेही तितकंच खरं. पोवाड्यात ही दुसरी गोष्ट येत नाही.

घमेल्याचा उल्लेख उगाच केला नाही. सगळ्या प्रकरणाची सुरुवात एका बांधकामापासून झाली म्हटलं तरी चालेल. मराठे कल्याण-भिवंडीपर्यंत आल्यावर पोर्तुगीजांना साष्टीची, म्हणजे ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतच्या बेटाची काळजी लागली. खाडीच्या काठावर ठाण्याला नवा किल्ला बांधायला घेतला. किल्ला बांधायचा म्हणजे दगड, चुना, पैसा आणि माणसं. तो बोजा शेवटी गावांवरच येणार. तक्रार करायची तर कुणाकडे? कर लावणारा तोच, वेठीला धरणारा तोच आणि न्याय देणाराही तोच.

मग मालाडचे देशपांडे अंताजी रघुनाथ कावळे आणि भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक ह्यांच्यासारखी माणसं पुण्याकडे जाऊ लागली. ही काही सरदार मंडळी नव्हती. गावची वतनदार मंडळी होती. कुठल्या खाडीला कधी ओहोटी, कुठे उतार, कुठल्या बुरुजाचं काम अर्धवट, हे सगळं त्यांना तोंडपाठ. साष्टीच्या बखरीत ह्यांच्या खटपटी येतात. त्या वाचताना मला राहून राहून आपल्याकडचे पुढारी आठवले. ह्याला भेट, त्याला गाठ, चिंचवडच्या देवस्थानातून शब्द टाकायला लाव, एकाचा होकार मिळेपर्यंत दुसरा रुसून बसतो. वर्षानुवर्षं असं चाललं होतं. मार्च १७३७ मध्ये मराठे खाडी ओलांडून ठाण्यात उतरले तेव्हा तो किल्ला अर्धवटच होता. ज्या किल्ल्यासाठी गावं नाराज केली, तोच वेळेवर पुरा झाला नाही.

आणि पोर्तुगीजांच्यातही एकमत कुठे होतं? उत्तर प्रांताचा तेव्हाचा जनरल लुईश बोतेल्यु. ठाणं हातचं गेलं आणि त्याच्यावर ठपका आला. त्याच्या जागी आंतोनियु कार्दिम फ्रोइश आला, पुढे पेद्रु द मेलु आला. १७३८ च्या अखेरीस ठाणं परत घ्यायला गेला असताना हा पेद्रु द मेलु तोफेच्या माऱ्यात ठार झाला. दोन वर्षांत तीन जनरल! आमच्या शाखेत दोन वर्षांत तीन मॅनेजर बदलले होते, तेव्हा साध्या लॉकरच्या किल्ल्यांचा हिशेब लागेना.

इथे जरा थांबून आपल्याकडचं सांगतो, कारण मला वाचताना ते सारखं आठवत होतं. ३ जुलै २००९ ला वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर ह्या चार नगरपालिका आणि ५३ गावं मिळून महानगरपालिका झाली. त्यावरून काय रणधुमाळी माजली होती ते इथल्यांना सांगायला नको. गावं म्हणत होती, आम्हाला महापालिका नको, आमच्या ग्रामपंचायती बऱ्या. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत ह्याच प्रश्नावर विवेक पंडित अपक्ष निवडून आले आणि हितेंद्र ठाकूरांच्या गडाला धक्का बसला. पुढच्या वर्षी महापालिकेची पहिली निवडणूक झाली, ती मात्र ठाकूरांच्या बहुजन विकास आघाडीनंच जिंकली. २०११ मध्ये शासनानं २९ गावं वगळायचा निर्णय काढला, तो कोर्टात गेला आणि तिथेच वर्षानुवर्षं राहिला.

आमच्या घरात ह्यावरून उभी फूट होती. बाबा कट्टर गावकरी. ताई नालासोपाऱ्यात तिसऱ्या मजल्यावर राहणारी. तिच्याकडे पाणी एक दिवसाआड यायचं, नाहीतर टँकर. टँकर कुठून भरायचा? गावातल्या विहिरींवरून. बाबा म्हणायचे, "आमच्या बावखलाचं पाणी नेऊन तुमच्या इमारती धुता." ताई म्हणायची, "मग मी मुलांना काय समुद्राचं पाणी पाजू?" भाऊबीजेला दोघं एकमेकांशी जेमतेम बोलली. दोघांचं बरोबर होतं, आणि दोघंही मला न्याय करायला सांगत होते. मी बँकेत जास्तीचं काम आहे म्हणून पळ काढायचो.

पण त्याच आंदोलनात एक दृश्य पाहिलं, ते विसरलेलो नाही. मोर्चाला माझे बाबा आणि दोस्ताचे पप्पा शेजारी शेजारी चालत होते. दोघांच्या डोक्यावर रुमाल, दोघांच्या हातात एकाच बाटलीतलं पाणी. तिथे 'तुमचे-आमचे' नव्हतं. घरपट्टी वाढणार, वाड्या जाणार, पाणी जाणार, ही भीती दोघांची एकच होती.

आता दारूगोळ्याकडे वळू या. तोफेची दारू म्हणजे शंभरातले साधारण पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक. कोळसा कुठेही करता येतो. सोरा मुख्यतः बिहारकडचा. गंधक बहुतेक समुद्रमार्गे यायचं. म्हणजे ज्याच्या हातात समुद्र, त्याला दारूची चिंता कमी. पोर्तुगीजांचं बळ ते होतं. वसईच्या किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी आणि दलदल, एकच बाजू जमिनीची. समुद्राकडून रसद येत राहिली तर बाहेर कितीही फौज बसली तरी आतला माणूस तग धरू शकतो. १७३७ मध्ये शंकराजी केशव फडक्यांनी वेढा घातला, शिड्या लावून हल्लेही झाले, पण किल्ला पडला नाही तो ह्याचमुळे.

दुसरी अडचण पावसाची. जूनमध्ये आपल्या घरात मिठाच्या बरणीत हात घातला की लगदा हाताला लागतो ना, तोच प्रकार सोऱ्याचा. हवेतला ओलावा ओढून दारू सादळते. मोर्चाच्या चरांत गुडघाभर पाणी साचतं. त्यामुळे जे काय करायचं ते मिरगाच्या आत, नाहीतर पुन्हा दिवाळीनंतर. आणि १७३९ साली थांबायला वेळही नव्हता. त्या मार्चमध्ये नादिरशहानं दिल्ली लुटली होती. बाजीराव उत्तरेकडे डोळे लावून बसले होते, आणि त्यांची मोठी फौज आपल्या ह्या वाळूत अडकली होती.

त्या वर्षी चिमाजी अप्पांनी आधी वसईच्या आजूबाजूचं एकेक नाकं बंद केलं. जानेवारीत केळवे-माहीम, मग तारापूर. तारापूरच्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर पडले. गोव्यातून मदत यायची ती तिथेच अडकली, कारण व्यंकटराव घोरपड्यांची फौज त्याच सुमारास गोव्यात घुसून मडगाव घेऊन बसली होती. फेब्रुवारीत खुद्द वसईला वेढा पडला. आता आतल्या लोकांना एकच शेजारी उरला होता, मुंबईचा इंग्रज.

ह्या शेजाऱ्यांचं आपसातलं भांडण म्हणजे शेतातल्या बांधावरच्या भांडणासारखं होतं. १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालनं मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली. पण आंदणात नेमकं काय काय दिलं, माहीम त्यात येतं की नाही, ह्यावर इथल्या पोर्तुगीजांनी असा वाद घातला की ताबा मिळायला १६६५ साल उजाडलं. पुढे ठाण्याच्या आणि करंजाच्या नाक्यांवरून मुंबईला जाणाऱ्या होड्यांवर पोर्तुगीज जकात मागत राहिले. १७२० मध्ये इंग्रजांनी मुंबईतून पोर्तुगीज पाद्र्यांना घालवलं. पिढ्यान् पिढ्या असं चाललेलं. आणि आता त्याच शेजाऱ्याच्या दारात जाऊन हात पसरायची वेळ आली.

वसईकरांनी माणसं मागितली, दारूगोळा मागितला, पैसे मागितले. मुंबईच्या कौन्सिलनं सबबी सांगितल्या. शेवटी १५,००० रुपये कर्ज दिलं, आणि तेही तारण घेऊन. तारण काय? चर्चमधली चांदीची भांडी, आणि किल्ल्यावरून उतरवलेल्या काही पितळी तोफा.

हे वाक्य मी चारदा वाचलं. वेढा चालू आहे, समोर मोर्चे रोज पुढे सरकताहेत, आणि पैसे उभे करायला तुम्ही तटावरच्या तोफा काढून सावकाराकडे नेऊन ठेवता! माझ्या काउंटरवर जूनच्या पहिल्या आठवड्यात माणसं यायची, मुलांच्या फिया आणि बियाणं एकदमच आलेलं असायचं. बायको अंगावरचं उतरवून रुमालात बांधून द्यायची. नवरा ती पुरचुंडी काउंटरवर ठेवायचा आणि दुसरीकडे कुठेतरी बघत राहायचा. मी वजन करायचो, कसोटीला लावायचो, पावती फाडायचो. तो चेहरा मला पाठ आहे. चर्चची चांदी होडीत घालून मुंबईला घेऊन गेलेल्या माणसाचा चेहरा काही वेगळा असेल असं मला वाटत नाही. त्या चांदीत कुणाकुणाच्या आजीनं नवस फेडायला दिलेली वस्तूही असणार. गिरीज-निर्मळच्या आज्यांनीसुद्धा.

इंग्रजांना दोष द्यायचा का? बँकवाला म्हणून मला देता येत नाही. बुडत्या खातेदाराला तारणाशिवाय कोण कर्ज देईल? त्यांना स्वतःचीच भीती होती. मुंबईचा कोट तेव्हा कच्चा होता. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हातात गेला तर समोरच्या माहीमवर तोफा लागतील, म्हणून तो त्यांनी पोर्तुगीजांच्या संमतीनं पाडूनच टाकला. कोटाभोवती खंदक खणायला मुंबईच्या व्यापाऱ्यांनी त्याच वर्षी ३०,००० रुपये जमा केले. म्हणजे शेजारी बुडत असताना त्याला पंधरा हजार, आणि आपल्या खंदकाला तीस. माणूस म्हणून मात्र हे मला आवडलं नाही.

मराठ्यांकडेही पैशाची चणचण होतीच. बाजीराव कायम कर्जात बुडालेले. ब्रह्मेंद्रस्वामी त्यांचे गुरूही होते आणि सावकारही. फक्त इकडे चांदी उतरवून न्यावी लागली नाही, शब्दावर भागत होतं, एवढाच फरक.

वेढ्याच्या शेवटाचं मी फार लिहीत नाही, ते सगळ्यांनी शाळेत ऐकलं आहे. चिमाजी अप्पा म्हणाले की माझं डोकं तरी तोफेनं किल्ल्यात उडवा, ही गोष्ट आमच्या गुरुजींनी इतक्या वेळा सांगितली की आम्ही ती मधल्या सुट्टीत नाटक म्हणून करायचो. तटापर्यंत चर खणत नेले आणि बुरुजांखाली सुरुंग भरले. एक सान सेबास्टियन बुरूज, दुसरा रेमेदियुशचा. आपल्या रमेदीच्या माउलीचंच हे नाव. मेच्या सुरुवातीला बत्ती दिली. काही सुरुंग वेळेवर उडाले, भगदाड पडलं, माणसं आत धावली, आणि मग मागे राहिलेला सुरुंग उडाला. आपल्याच दारूनं आपलीच माणसं गेली. तरी हल्ले थांबले नाहीत. आतले सेनापती आधीच पडले होते. कायतानु द सौझा परैरा ह्यानं तहाचं निशाण लावलं.

तहाची तारीख काही पुस्तकांत ५ मे आहे, काहींत १६ मे, आणि ह्यावरून मी एका लग्नात एका मास्तरांशी भांडलो आहे. दोघांचं बरोबर होतं. इंग्रज तेव्हा जुनं कॅलेंडर वापरत होते, पोर्तुगीज नवं, आणि दोन्हींत अकरा दिवसांचं अंतर होतं. तसंच किल्ला सोडल्याची तारीख १२ मे की २३ मे. मास्तरांची ह्या निमित्तानं जाहीर माफी मागतो.

ग्रँट डफ लिहितो की पोर्तुगीजांची सुमारे ८०० माणसं गेली, आणि मराठ्यांची, त्यांनी स्वतःच कबूल केल्याप्रमाणे, मेलेली आणि जखमी मिळून पाच हजारांवर. हा आकडा मी पोवाड्यात कधी ऐकला नव्हता. पाच हजार! आजच्या आपल्या एखाद्या गावची सगळी वस्ती एवढी भरते. ह्या पाच हजारांत कोकणातले, मावळातले, कुठले कुठले लोक असणार.

तहात दोन कलमं मला महत्त्वाची वाटली. जायचं असेल त्यांनी शस्त्रांसकट, मानानं, आपलं किडूकमिडूक घेऊन जावं. आणि राहायचं असेल त्यांनी राहावं, त्यांच्या धर्माला अडथळा होणार नाही. जाणारे मुंबईला गेले, इंग्रजांच्या होड्यांतून. चिमाजी अप्पांनी ह्या गोष्टी मान्य केल्या. इतकी माणसं गमावल्यावर, रक्त तापलेलं असताना त्या मान्य करायला काय लागतं ह्याचा विचार करून बघा. पोवाड्यांतून हा भाग एका ओळीत उरकतात. मला विचाराल तर त्याच्यावरच अर्धा तास म्हणायला हवा.

मग घंटा. वसईच्या चर्चच्या मोठमोठ्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांत बांधल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला आहे. त्या कालपर्यंत मला विजयाच्या खुणा वाटायच्या. पण ह्या वाचनात एक गोष्ट लक्षात आली. घंटेचा धातू आणि तोफेचा धातू म्हणजे सख्खे भाऊ. दोन्हींत तांबं आणि कथिल. घंटेत कथिल जास्त, पाचवा हिस्सा धरा, तोफेत दहावा. युरोपात लढाई लागली की घंटा वितळवून तोफा ओतायची चालच होती. म्हणजे दारूगोळ्यासाठी तोफाच गहाण टाकणाऱ्या गावात एवढा धातू डोक्यावर टांगलेला होता, आणि तो टांगलेलाच राहिला. भट्टी नव्हती, कारागीर नव्हते, की कुणाचा हात धजला नाही? शेवटी जिंकणाऱ्यांनीही त्या वितळवल्या नाहीत. त्या अजून वाजतात.

पुढचं थोडक्यात. पेशव्यांनी वसईचं नाव बाजीपूर ठेवलं, पण ते काही लोकांच्या तोंडी बसलं नाही. चिमाजी अप्पांचा नवस वज्रेश्वरीच्या देवळानं फेडला गेला. १७४० च्या तहात चौलही पोर्तुगीजांच्या हातून गेलं. आणि १७८० मध्ये जनरल गॉडार्ड तोफा घेऊन वसईसमोर उभा राहिला. ह्या वेळी मालमसाला सगळा इंग्रजांकडे होता, जड तोफा, उखळी तोफा, समुद्र मोकळा. नोव्हेंबरच्या मध्याला आला आणि ११ डिसेंबरला किल्ला घेतला. मराठ्यांना ज्याला तीन महिने आणि पाच हजार माणसं लागली, ते काम महिन्याभरात झालं. सालबाईच्या तहानं १७८२ मध्ये वसई परत मिळाली, पण वीस वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ ला, दुसऱ्या बाजीरावांनी इथेच बसून इंग्रजांची सहा हजारांची फौज पोसायचं कबूल केलं आणि खर्चापोटी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला. पुन्हा तारणच. आणि हे तारण काही सुटलं नाही.

तर एवढं सगळं वाचून झाल्यावर गेल्या आठवड्यात मी गिरीजला गेलो. दोस्त वाडीत केळीला पाणी सोडत होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याला म्हटलं, "तू विचारलंस ना, आमचे कुठे होते? तुमचे इथेच होते. ठाण्याच्या किल्ल्याला चुना वाहायला होते. तटाच्या आत गोळे उचलायला होते, आणि चर खणायला बाहेरच्यांनी गावातून माणसं ओढली असतील तर तिथेही असतील. होड्या वल्हवायला होते. आणि साहेब लोक मुंबईला गेले तेव्हा, तहात राहायची मुभा होती म्हणून, तुमचे राहिले."

तो बराच वेळ पाटाचं पाणी वळवत राहिला. कुदळीनं एक मातीचा बांध फोडला, दुसरा घातला.

मग त्याला ती चर्चच्या चांदीची गोष्ट सांगितली. त्यावर मात्र तो थांबला. म्हणाला, "आईचं सोनं तूच तारण ठेवलं होतंस. विहिरीवर मोटार बसवली तेव्हा. आठवतं?"

आठवत होतं. दोन पाटल्या आणि एक साखळी. मी नेहमीसारखंच वजन केलं होतं, आणि मावशी खिडकीकडे बघत होत्या. तीन वर्षांनी सोडवलं, तेव्हा मला घरी नेऊन जेवायला घातलं होतं.

"किल्ल्यात जाऊ या एकदा," तो म्हणाला. "सकाळी सकाळी. तुझा तो सेबास्टियन बुरूज दाखव मला. आणि गोन्सालो गार्सियाचं चर्च मी तुला दाखवतो, तू कधी आत नीट बघितलं नसशील."

खरंच नव्हतं बघितलं. इतकी वर्षं बाहेरूनच जात होतो. गोन्सालो गार्सिया वसईचाच. १५९७ मध्ये जपानात नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं आणि १८६२ मध्ये तो संत झाला.

रविवार ठरला आहे. साडेसहाला झेंडा बाजारात भेटायचं. भजी त्याच्याकडून, पाणी मी न्यायचं.